सासऱ्यांना नदी दाखवायची आहे, तलाव नको. नागपूरहून एका दिवसात कुठे जाता येईल?

मानेवाडा_थोरली सून

नमस्कार. सासरे ७४ वर्षांचे. मागच्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन सपाटीवर बरे चालतात, पण पायऱ्या दिसल्या की चेहरा पडतो. त्यांचं लहानपण भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठी गेलं. नोकरीपायी नागपूरला आले ते इथलेच झाले, पण पाण्याच्या बाबतीत अजून भंडाऱ्याचेच आहेत. अंबाझरीला नेलं, फुटाळ्याला नेलं. फुटाळ्याच्या काठावर गरम कणीस खात म्हणाले, "छान आहे गं, पण साचलेलं आहे. वाहतं कुठे?"

आपल्या नाग नदीबद्दल न बोललेलंच बरं. पुलावरून जाताना गाडीची काच खाली करायची सोय नाही.

तर रविवारी सकाळी निघून रात्री जेवायला घरी, एवढंच करायचं आहे. लहान गाव असलं तर उत्तमच, रिसॉर्ट नको. नदी दिसावी, बसायला सावली असावी, सात वर्षांच्या मुलाला धावायला जागा असावी. वाटेत बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह असावं. पाण्यात उतरायचं नाही. संक्रांत झाली, ऊन चढायच्या आत जाऊन यायचं म्हणते.

गोकुळपेठ_जुना

एवढा उपद्व्याप कशाला? सेमिनरी हिल्सला न्या. जपानी गार्डनमध्ये सकाळी सावली भरपूर, रस्ते सपाट, बाक आहेत. पलीकडे बालोद्यान आहे, पोरगा खूश. नाहीतर गोरेवाडा सफारी. २०२१ पासून सुरू आहे, गाडीत बसूनच फिरवतात, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.

मानेवाडा_थोरली सून

दोन्ही झालं आहे दादा. गोरेवाड्यात मुलाला अस्वल आवडलं. सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, इथून पेंच नदी किती दूर आहे.

कामठी_छावणी

मग कामठीला या. फार लांब नाही. मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आलात तरी पुढे ऑटो मिळतो. कन्हान नदी आमच्या गावाला लागूनच आहे, आणि पेंच व कोलार या दोन्ही नद्या याच परिसरात कन्हानला मिळतात. म्हणजे सासऱ्यांना पेंच हवीच असेल तर तिचं पाणीही बघून झालं.

ड्रॅगन पॅलेस बघाच. १९९९ साली झालेलं बुद्धविहार आहे, जपानी मदतीतून उभं राहिलेलं. आत गेलं की कामठी रोडचा आवाज बंद होतो. आवार मोठं आणि स्वच्छ. आजोबा बसतील, नातू धावेल, कोणी हटकणार नाही. फक्त आत ओरडायचं नाही हे पोराला आधी सांगून ठेवा.

छावणीतले रस्तेही चालायला चांगले. १८२१ पासूनची छावणी, झाडं त्या मानाने मोठी. पण लष्कराचा भाग आहे, जिथे फलक असेल तिथे मोबाईल खिशात.

नदीबद्दल एक सांगतो. आत्ता जानेवारीत कन्हानला पाणी कमी असतं, पात्रात वाळू आणि मध्ये एक-दोन धारा. पण वाहत असते. पुलावर थांबू नका, ट्रक फार.

पवनी_माहेर

ताई, माझं माहेर पवनीचं, सासर रेशीमबागेत. त्यामुळे मी पक्षपाती आहे हे धरूनच वाचा. कामठीच्या भावांचा मान राखून सांगते, भंडाऱ्याच्या माणसाचं कन्हानवर भागत नाही. त्याला वैनगंगाच लागते. पवनीला न्या.

रस्ता आधी सांगते. दिघोरीहून उमरेड, भिवापूर, निलज फाटा आणि पवनी. साधारण ८०-८५ किलोमीटर. दोन तास धरा, कारण उमरेडच्या पुढे काही ठिकाणी दोन्ही बाजूंना कऱ्हांडल्याचं जंगल लागतं. तिथे गाडी हळू चालवायची, माकडं रस्त्यात बसलेली असतात. उमरेडला चहा-पोहे आणि स्वच्छतागृह दोन्ही उरकून घ्या. मोठ्या पेट्रोल पंपावर जा, हॉटेलवर विसंबू नका. भिवापूरला या दिवसांत मिरचीचे सातरे सुरू असतात. रस्त्याच्या कडेला लालभडक ढीग, आणि तोंडाला पदर बांधून बाया ओळीने बसून देठं खुडत असतात. मुलाला गाडीतूनच दाखवा. उतरलात तर सासऱ्यांसकट सगळे शिंकत बसाल.

आता पायऱ्यांचं. त्यासाठी गावाची ठेवण समजून घ्यावी लागेल. पवनी वैनगंगेच्या पश्चिम काठावर आहे. तीन बाजूंनी जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. नदीकडून कोणी चढून येऊ नये इतका काठ उंच, म्हणून तिकडे तटाची गरजच पडली नसावी. या उंचीमुळेच आमच्याकडचे घाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, त्याही उंच. माझी आजी त्या पायऱ्या ओली घागर घेऊन चढायची आणि आम्ही रिकाम्या हातांनी दमायचो. सासऱ्यांना खाली नेऊ नका. गरजही नाही. वैजेश्वराच्या घाटाकडे वरच एखादी टेकायची जागा धरली की नदी पलीकडच्या काठासकट समोर असते. गाडीत एक घडीची खुर्ची टाका. देवळाच्या ओट्यावर बसून उठणं नव्या गुडघ्यांना जड जातं.

वेळेचं तर कोणी सांगतच नाही. घाटांची तोंडं पूर्वेला. सकाळी सूर्य समोरून येतो, पाण्यावरून थेट डोळ्यांत. नऊ वाजले की दगड तापायला लागतो. दुपारी तीन-साडेतीननंतर ऊन गावाच्या मागे सरकतं आणि काठावर हळूहळू सावली येते. नागपूरकर नेमकं उलटं करतात. सकाळी उत्साहाने निघतात, साडेअकराला घाटावर पोहोचतात, डोक्यावर रुमाल टाकून दोन फोटो काढतात आणि "पवनीत काहीच नाही" म्हणत परततात. तुम्ही नदी शेवटी ठेवा.

म्हणजे सकाळ दुसरीकडे घालवायची. रुयाडचा महास्तूप जवळच आहे, महासमाधीभूमी म्हणतात. हाही जपानी सहकार्यातून झालेला. आवार मोकळं, मुलाला धावायला हीच जागा. तिथून गावात येऊन पंचमुखी गणेश. विदर्भाच्या अष्टविनायकांत याची गणना होते, पण नेहमीसारखी बसलेली मूर्ती नाही, दगडालाच चारी बाजूंनी मुखं. मुलाला मोजायला लावा, बराच वेळ गप्प बसतो.

जगन्नाथ टेकडीला सासऱ्यांना गाडीतच बसू द्या आणि तुम्ही मुलाला घेऊन जा. टेकडी म्हणायची, पण ती आहे स्तूपाची. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे खणलं तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. कोरलेले खांब जागेवर उभे असतील या आशेने जाऊ नका, सांचीसारखं सजवलेलं काही नाही. पण ज्या मातीवर आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो तिच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम आहे, हे मला शाळेतल्या बाईंनी नाही, वडिलांनी सांगितलं होतं. तुमच्या मुलाला तुम्ही सांगा.

आता नदीचं खरं काय ते. सासरे "वाहतं कुठे?" विचारणारे आहेत म्हणून आधीच बजावून ठेवते.

त्यांच्या आठवणीतली वैनगंगा पवनीला आत्ता दिसणार नाही. वरच्या अंगाला दहा-बारा किलोमीटरवर गोसीखुर्द धरण आहे. पायाभरणी १९८८ ची, पण पाणी अडायला बराच काळ गेला. आता ते वरच अडतं आणि आमच्या घाटांपाशी धरणातून सुटेल तसं येतं. पूर्वी होळीनंतर पात्रात वाळू उघडी पडायची आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजाच्या वाड्या लागायच्या. वाळूत हातभर खड्डा, त्यात शेणखत, त्यात बी, वरून ऊन लागू नये म्हणून काटक्यांचा आडोसा. वेल वाळूवरच पसरायचा. वडील पोतंभर डांगरं आणायचे आणि आई ती खाटेखाली पसरून ठेवायची, एकमेकांना टेकू न देता. रात्री घरभर वास. कोणतं पिकलं ते आई अंधारात वाकून वासावरून काढायची. आता तसं राहिलं नाही. वाड्या करणारे काही जण मासेमारीत गेले, काही नागपूरला मजुरीला. पात्र मात्र बघायला आजही सुंदर दिसतं, रुंद. नवा माणूस खूश होतो. जुना माणूस थोडा वेळ बघतो आणि म्हणतो, ही तर धरणाच्या मर्जीवरची नदी झाली.

भरून वाहणारी नदीच दाखवायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात परत या. धरणाला ३३ दारं आहेत. ती उघडली की इथे पाणी चढतं आणि गढूळ, ताकदीची नदी दिसते. तेव्हा काठाच्या फार जवळ जायचं नाही, पूर बघायला गेलेली माणसं दरवर्षी अंगावर काटा आणतात. धरण बघायला जाणार असाल तर थेट वर सोडतीलच असं धरून जाऊ नका, बंदोबस्त असतो.

आणि ताई, तुम्ही नाग नदीवर काच वर ठेवता ना? ती पुढे कुठे जाते ते सांगते. नागपुरातून निघून कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. वैनगंगा पवनीला येते. तुमच्या पुलाखालून गेलेलं माझ्या माहेरी पोहोचतं. सासरचं सांडपाणी माहेरी जातं म्हणून माझे भाऊ मला राखीला चिडवतात. हसतो आम्ही, पण घाटावर स्नानाला उतरणारी म्हातारी माणसं आजही आहेत आणि जलपर्णीचे गोळे काठाला लागलेले असतात. तेव्हा तुमच्या मुलाला पाय बुडवायलाही उतरवू नका. गाडीत पाण्याचा कॅन ठेवा.

जेवणाचं: डबा न्या. पुऱ्या, आलूची भाजी, वर हिरवा ठेचा. गावात खायला मिळतं, पण सासऱ्यांच्या वयाला डबाच बरा.

कुही_तालुका

बाई, पवनी ठीकच हाये, पण अंभोऱ्याले काऊन नाही जात तुमी? आमच्या कुहीवरूनच रस्ता जाते. पाच नद्यांचा संगम म्हनतात त्याले. वैनगंगा अन् कन्हान तर डोळ्यानं दिसतेच. चैतन्येश्वराचं देऊळ हाये, अन् नवा पूल झाला २०२४ मंधी, केबलवाला, सातशे मीटरच्या वरचा. पुलावर मंधात उंच गॅलरी बांधली हाये. आमच्या गावचे पोरं दर रविवारी तिकडंच पडले राहतात.

गोसीच्या पान्यात जुनं गाव गेलं, लोकं वर आले. ते मात्र कोनी फोटोत घेत नाही.

पवनी_माहेर

भाऊ, अंभोरा वाईट म्हटलंच नाही मी. मुकुंदराजांचं नाव ज्या जागेशी जोडलेलं आहे तिला मी काय नावं ठेवणार. पण रविवारी दुपारी तिथली गर्दी तुम्हीच सांगताय. तरण्या पोरांना पूल ठीक आहे. या ताईंच्या सासऱ्यांना देवळाच्या चढावर नेलं तर ते अर्ध्या वाटेतच बसतील. शिवाय पुलावरून नदी दिसते ती वरून, एखाद्या नकाशासारखी. काठावर बसून बघणं वेगळं.

कुही_तालुका

हे मातर खरं. देवळाले पायऱ्या हायेत. मंग म्हातारबांले कुहीच्या रस्त्यानं नका आनू, पवनीलेच न्या. पोराले घेऊन एकडाव या.

कामठी_छावणी

पवनीच्या ताईंनी आमची कन्हान पार मोडीत काढली. पण वाहती नदी जानेवारीत कोणाकडे आहे? आमच्याकडे. धार बारीक का असेना.

पवनी_माहेर

हा मुद्दा मान्य. जानेवारीत वाहत्या पाण्याची खात्रीच हवी असेल तर कामठीच जिंकते. पण ताईंचे सासरे नदी शोधताहेत की भंडारा शोधताहेत, ते त्यांनीच ठरवावं.

मानेवाडा_थोरली सून

सगळं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. डांगराच्या भागाला त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "खाटेखाली नाही, आमच्याकडे कोठीत गवतावर ठेवायचे." मग अर्धा तास तेच. खारवट वाळू, कोणाची वाडी कुठे होती, चोरून डांगर आणल्यावर कोणी कान पिळला. ढिवरांच्या एका डोंग्यात बसून ते पलीकडे गेले होते आणि घरी मार खाल्ला होता, हे तर माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

धरणाचं सांगितलं. म्हणाले, मला माहीत आहे, मी पेपर वाचतो. धरण तर धरण, नाव तर वैनगंगाच आहे ना. आणि पावसाळ्यात दारं उघडली की परत न्यायचं हे आत्ताच कबूल करून घेतलं.

तर पवनी ठरलं. दोन गोष्टी विचारते. आम्हाला फेब्रुवारीतला रविवार सोयीचा आहे, चालेल ना? आणि त्यांना डोंग्यात बसायची इच्छा झाली तर? मला धडकी भरली आहे.

पवनी_माहेर

डोंग्याला ठाम नाही म्हणा. माझं नाव सांगा हवं तर. बुडाशी चपटा, बाजूला धरायला काही नाही, आणि चढताना एक पाय काठावर, एक हलत्या लाकडावर. शाबूत गुडघ्यांचंच तिथे काम आहे. जीवरक्षक जॅकेट देणारी मोठी बोट दिसली तरी मुलाला आणि त्यांना एकत्र बसवू नका. एकाला सांभाळायचं की दोघांना, असा प्रसंग पाण्यावर येऊच नये. काठावर एखादा ढिवर जाळं वाळवत बसलेला असतो, त्याच्याशी बोलायला बसवा त्यांना. डोंगा विसरतील. जाळ्याच्या गाठींवरून दोघांचं जमेल बघा.

फेब्रुवारीत दोन दिवस टाळा. ८ तारखेच्या आसपास रुयाडला धम्म महोत्सव असतो, लांबून लांबून लोक येतात, गाडी ठेवायला जागा मिळत नाही. आणि महाशिवरात्रीला वैजेश्वराला जत्रा. एरवी कुठलाही रविवार घ्या. मार्च लागला की मात्र बेत गुंडाळून ठेवा. उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यात दुपारचं ऊन बोलायचं काम नाही आणि एसी लावला तरी मागच्या सीटवर पोहोचत नाही.

परतीला अंधार पडायच्या आत जंगलाचा भाग ओलांडा. साडेपाचला घाटावरून उठलात तर बरं. सासरे उठणार नाहीत, हे धरून पाचलाच उठायला सांगा.

मानेवाडा_थोरली सून

पाचचं लक्षात ठेवते. पहिल्या तीनपैकी एखादा रविवार, ८ तारीख आणि महाशिवरात्र सोडून. घडीची खुर्ची शेजारच्या काकूंकडून मागून घेतली आहे.

गोकुळपेठ_जुना

मिरच्यांच्या ढिगाजवळ काच वर ठेवा म्हणजे झालं. आणि भिवापूरहून माझ्यासाठी पावभर मिरची आणता आली तर बघा, पैसे लगेच देतो.